घसारा

बी. कॉम.ला आम्हांला घसारा शिकवला तो वहीतला. मालमत्ता दरसाल किती झिजली ते टक्क्यांत मांडायचे, झीज डोळ्यांना दिसलीच पाहिजे असे नाही. खरा घसारा पाहायचा असेल तर कुंडलला यावे आणि आमच्या वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीखाली उताणे पडावे. मी दर रविवारी पडतो.

गाडीचे कूळ मोठे. 1953 साली इटलीत निघालेल्या फियाट अकराशेच्या वंशातली ही. वालचंद हिराचंदांनी स्थापलेल्या प्रीमियर कंपनीने ती कुर्ल्याला बनवली. पुढच्या दोन चाकांना स्वतंत्र स्प्रिंगा, मागे मात्र कमानपाटे, जे घोडागाडीलाही असत. म्हणजे गाडी पुढून विसाव्या शतकातली आणि मागून टांग्यातली!

कुंडलचे लोखंडाशी नाते तसे जुनेच. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना मांडला. लोखंडी नांगराने जमीन नासते, असे तेव्हा शेतकरी म्हणत. पुढे 1943 च्या सुमारास इथल्या प्रतिसरकारला लोक ‘पत्री सरकार’ म्हणू लागले. फितुरांच्या तळपायांच्या कथा सगळ्यांनाच ठाऊक आहेत. नांगर, पत्री आणि आता आमचे पाटे!

काम सोपे आहे, पाठ मजबूत हवी. जॅकने गाडी उचलायची, खाली घोड्या द्यायच्या, यू-बोल्ट सोडायचे. पाटा उतरला की एका अंगाने खाल्लेले रबरी बुश दिसतात. नवे बुश घातल्यावर मात्र बोल्ट हवेत आवळायचे नाहीत. चाके जमिनीला टेकून गाडीचे ओझे पाट्यावर आले की मगच शेवटचा आवळा. नाहीतर रबर पिळलेलेच राहते आणि लवकर फाटते. बँकेच्या वसुलीत उलट असते. माणूस हवेत लटकला की आवळायचे!

धाकटा भाऊ म्हणतो, “दादा, भंगारात घाल की. किंमत शून्य झालीया.” वाणिज्याचा पदवीधर म्हणून मी त्याला सांगितले, की दरसाल उरलेल्या रकमेवर घसारा काढला तर शिल्लक कधीच शून्य होत नाही. दुसरे कारण त्यालाही माहीत आहे. शेवटच्या वर्षी आईला मिरजेच्या दवाखान्यात ह्याच गाडीतून नेत होतो. रस्त्यातले खड्डे ह्या पाट्यांनी आधी सोसले, उरले तेवढेच तिच्यापर्यंत पोचले. तुटलेले तिसरे पान हातात आले तेव्हा भाऊ काही बोलला नाही. त्याने पाना पुढे केला.

जुने पाटे शेजारच्या लोहारआबांनी मागून घेतले. “चांगलं पोलाद हाय साहेब, कोयतं हुत्याल.” आणि झालेही. त्यांतला एक ह्या गळितात कारखान्याचा ऊस तोडतो आहे.

वहीत शून्य झालेली वस्तू पुन्हा कामाला लागली. आता ही नोंद जमेला करायची की नावे, ते बी. कॉम.च्या पुस्तकात नाही.