नळ आधी आला, गटार नंतर: मुंबईचे सांडपाणी आणि आपली कावीळ

पावसाळ्यात परळ-लालबागच्या एखाद्या चाळीत काविळीची साथ आली की रुग्ण हमखास सांगतात, "डॉक्टर, आमचं पाणी अगदी स्वच्छ आहे, वाससुद्धा येत नाही." पाणी वासावरून पारखायची ही सवय जुनी आहे. खुद्द मुंबईची गटारेही याच समजुतीवर बांधली गेली.

१८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले. त्याआधी विहिरी आणि तळी यांवरच भागत असे. पुढे १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसाचे पाणी आले. पण वापरलेले पाणी बाहेर कसे जाणार, याचा विचार कायम एक पाऊल मागे राहिला. मैला सफाई कामगार टोपल्यांतून वाहून नेत. दोन इमारतींमधल्या अरुंद घरगल्लीत संडास आणि मोरी दोन्हींची घाण साचे. त्यात मध्य मुंबईचा बराच भाग खाडी अडवून मिळालेला, समुद्राच्या भरतीपेक्षा खाली. तिथले सांडपाणी आपोआप वाहून जाणे शक्यच नव्हते. ते वरळीच्या लव्हग्रोव्हला नेऊन, पंपाने उपसून समुद्रात सोडावे लागले.

त्या काळी बहुतेक डॉक्टर मानत की रोग दुर्गंधीतून, दूषित हवेतून होतो. कॉलऱ्याचे जंतू रॉबर्ट कॉखने दाखवून दिले ते १८८४ मध्ये, कलकत्त्यात. तोवर घाण नाकापासून दूर गेली की काम झाले, असाच हिशेब होता. १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगास यांनी प्लेग ओळखला, तेव्हाही पालिकेने गटारांत समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक ॲसिड ओतण्याचा सपाटा लावला. प्लेगचा जंतू दोन वर्षांपूर्वीच हाँगकाँगमध्ये सापडला होता, पण तो उंदरांवरच्या पिसवांमधून पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवले ते १८९८ मध्ये. गटारे धुण्यावर एवढी शक्ती खर्च झाली, आणि आजार मात्र धान्याच्या गोदामांतल्या उंदरांबरोबर फिरत होता!

आजही फार वेगळे चाललेले नाही. जाळीने कचरा गाळायचा, वाळू काढायची आणि उरलेले पाणी सुमारे साडेतीन किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून समुद्रात सोडायचे, अशी वरळीची पद्धत वर्षानुवर्षे राहिली. शहरातल्या सात नव्या प्रक्रिया केंद्रांची पायाभरणी २०२३ मध्ये झाली.

समुद्रातले पाणी आपण पीत नाही, मग काळजी कशाची? धोका घराजवळच आहे. जुन्या वस्त्यांत नळाची जोडणी अनेकदा गटारातून किंवा गटाराच्या अगदी कडेने आलेली असते. पाणी दिवसातून ठरावीक वेळच येते. ते चालू असताना आतला दाब गळतीतून पाणी बाहेर ढकलतो. पुरवठा बंद झाला की नळीतला दाब उतरतो आणि त्याच भोकातून बाहेरचे सांडपाणी आत ओढले जाते. दुसऱ्या दिवशी ते सगळ्यात आधी तुमच्या हंड्यात पडते. म्हणून पाणी आल्यावर सुरुवातीचे थोडे पाणी पिण्यासाठी भरू नका, ते लादी पुसायला वापरा.

तुरटी फिरवल्याने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. फडक्याने गाळण्याचेही तेच. पाणी खळखळून उकळा. शेजारी दोन-तीन घरांत एकाच वेळी जुलाब किंवा कावीळ दिसली तर प्रभाग कार्यालयात तक्रार करा. साथीत हा दुवा फार लवकर हातातून निसटतो, कारण काविळीचा विषाणू पोटात गेल्यावर लक्षणे दिसायला दोन ते सहा आठवडे, कधी त्याहूनही जास्त दिवस लागतात. तोपर्यंत त्या दिवशीचे गढूळ पाणी कोणाला आठवत नाही.

गर्भवतींनी मात्र काविळीत घरगुती काढा आणि झाडपाल्यावर एकही दिवस घालवू नये. हिपॅटायटिस ई गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेतू शकतो.

हिंदमाताला गुडघाभर पाण्यातून जावे लागले आणि पायाला जखम असेल, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटा. लेप्टोस्पायरोसिस टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिन द्यायचे की नाही, हे ते तपासून ठरवतील. मेडिकलमधून स्वतःहून आणून घेऊ नका. लहान मुलांना आणि गर्भवतींना ते सहसा देत नाहीत.