अनुबिसचं झाड आणि १८५९

१८५७ म्हटलं की आपल्याला मेरठ, कानपूर, झाशी आठवतं. त्याच वर्षी व्हिएन्नात, शोनब्रुनच्या शाही बागांचा प्रमुख हाइनरिश शॉट एका आफ्रिकन झाडाचं बारसं करत होता. नाव ठेवलं अनुबियास. इजिप्तच्या मृतांच्या देवावरून, अनुबिसवरून! पुढच्या वर्षी बोर्निओतल्या दुसऱ्या एका झाडाला त्याने बुसेफॅलँड्रा केलं, म्हणजे बैलाच्या डोक्यासारखे पुंकेसर असलेलं.

फिशटँकवाल्यांना ही दोन्ही ठाऊक असतील. दोघंही आपल्या अळूच्या कुळातली. पण वाळूत पुरायची नाहीत, आडवं खोड कुजतं. दोऱ्याने लाकडाला किंवा दगडाला बांधायची आणि वाट बघायची. एका पानाला दोन-तीन आठवडे सहज लागतात. आमच्याकडे पाहुणे हमखास विचारतात, "प्लास्टिकची आहेत का हो?"

तर शॉटने बोर्निओच्या झाडाला 'मोटलियाना' म्हटलं ते जेम्स मोटलीवरून. हा इंग्रज इंजिनियर तिथे कोळशाच्या खाणीत काम करायचा आणि फावल्या वेळात झाडं, पक्षी जमवायचा. १८५९ मधे डचांविरुद्ध बंजारमासिनचं युद्ध पेटलं, खाणीवर हल्ला झाला आणि मोटली बायकोमुलांसकट मारला गेला.

अनुबियासची टँकमधली नेहमीची जात 'बार्टेरी'. नायजर नदीच्या मोहिमेवर गेलेला चार्ल्स बार्टर रब्बा इथे आजारी पडून गेला. सालही तेच, १८५९! शॉटने त्याचं नाव झाडाला दिलं १८६० मधे.

मोटलीच्या मुलांबद्दल वाचून पोटात तुटतं. पण खाणीवर चालून आलेल्यांचाही काही राग असेलच ना? त्यांचीच जमीन, त्यांचाच कोळसा. आणि ओढ्यातल्या खडकांवरची ही झाडं त्यांना शॉटच्या कितीतरी आधीपासून माहीत असणार. लॅटिन नावात त्यांना जागा नाही.

खरवडणं अजून थांबलेलं नाही. गेल्या पंधरा-वीस वर्षांत 'बुसे'ची हौस जगभर पसरली आणि बोर्निओतल्या ओढ्यांमधून झाडं खडकांवरून उपटून विकली गेली. इतक्या सावकाश वाढणारं झाड उपटलं, की तो खडक परत हिरवा व्हायला किती वर्षं लागतील?

म्हणून मी जंगलातून आणलेला गड्डा घेत नाही. कोणाच्या टँकमधला तुकडा मिळाला तर लावते.

असो. माझ्या अनुबियासला आता तोडण्याजोगी फांदी आली आहे. कोणाला हवी असेल तर जरूर सांगा. फक्त घाई असलेल्यांनी या नादाला लागू नये!