पाळीव जनावराचा ताबा (घटस्फोटानंतर)

घटस्फोट किंवा फारकत झाल्यावर घरातला कुत्रा, मांजर, गाय वा शेळी कोणाकडे राहील, यावरून पूर्वीच्या पतिपत्नींत होणारा वाद. भारतात अशा वादासाठी स्वतंत्र कायदा नाही. मुलाचा ताबा ठरवताना न्यायालय मुलाचे हित सर्वांत आधी पाहते. जनावराच्या बाबतीत प्रश्न मालकीचा होतो, कारण कायद्याच्या लेखी जनावर ही जंगम मालमत्ता आहे. कुत्र्याला लळा कोणाचा आहे, हे सांगायला त्या चौकटीत जागाच नाही.

शहरातल्या बातम्यांत हा वाद बहुधा कुत्र्याचा असतो. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात तो समजून घ्यायचा तर आधी गोठ्यात जावे लागते. संगमनेरी ही शेळीची जात याच जिल्ह्यातल्या तालुक्याच्या नावाने ओळखली जाते. अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागात डांगी गुरे आहेत, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले त्रिवेणी’ ही संकरित गाय तयार केली, आणि घोडेगाव, लोणी, काष्टी ही नावे जनावरांच्या बाजारामुळे दूरवर माहीत आहेत. इथे मोडलेल्या संसारातले जनावर जीव लावलेले असते आणि चूलही त्याच्यावर चालते.

मुलीला लग्नात गाय आंदण देण्याची रीत जुनी आहे. माहेरची गाय सासरच्या दावणीला बांधली जाते. तीन वेते होतात, पहिली कालवड गाभण राहते, आणि मग संसार मोडतो. आली होती एक गाय, आता दावणीला चार जनावरे आहेत. तिची किती? लग्नात मुलीला दिलेली वस्तू तिचे स्त्रीधन ठरते. ते सासरी राहिले म्हणून नवऱ्याचे होत नाही, तो केवळ विश्वासाने सांभाळणारा असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केले. वासरांचे उत्तर त्याहून जुने आहे. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 163 खाली उदाहरणच गायीचे दिले आहे : एकाने दुसऱ्याकडे गाय सांभाळायला ठेवली आणि ती व्याली, तर गायीबरोबर वासरूही परत द्यावे लागते. ही दोन्ही सूत्रे एकत्र वाचली, तर आंदणाची गाय तिच्या वाढीसह परत मागण्याचा बाईचा दावा भक्कम आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 च्या कलम 19 नुसार स्त्रीधन परत करण्याचा आदेश दंडाधिकारीही देऊ शकतात.

अडचण कागदाची आहे. गायीच्या कानातल्या बिल्ल्यावर बारा अंकी क्रमांक असतो आणि त्याच्यासमोर बहुतेक वेळा घरातल्या पुरुषाचे नाव असते. दूध संकलन केंद्रातले खाते त्याचे, दर दहा दिवसांचे बिल त्याच्या नावावर. शेण काढणारी, वैरण टाकणारी, पहाटे धार काढणारी बाई यांतल्या एकाही कागदावर नसते. गायीला मात्र ती ठाऊक असते. एका हाताची सवय झालेली गाय परक्या हाताला पान्हा चोरते. आचळ ओढत बसले तरी बादलीच्या तळाशी चार चुळा दूध पडते, आणि सवयीची बाई शेजारी येऊन पाठीवर हात फिरवू लागली की कास मोकळी होते. शेतकऱ्याला ही साक्ष कळते. ती न्यायालयात मांडता आली पाहिजे.

कुत्र्यामांजरांच्या वादात पुरावे वेगळे : खरेदीची पावती, केनेल क्लबचे प्रमाणपत्र, परवाना, लसीकरणाची वही, पशुवैद्याची बिले. वही कोणी भरत आणली हे महत्त्वाचे आहे, तरी ते निर्णायक ठरेलच असे नाही. महाराष्ट्रातले ठळक प्रकरण जून 2023 चे. मुंबईच्या वांद्रे दंडाधिकारी न्यायालयात विभक्त राहणाऱ्या 55 वर्षांच्या महिलेने पोटगी मागताना आपल्यावर अवलंबून असलेल्या तीन रॉटवायलर कुत्र्यांचा खर्चही मांडला. पतीचा त्याला विरोध होता. न्यायालयाने तो मानला नाही. पाळीव प्राणी सभ्य जीवनशैलीचा भाग आहेत आणि तुटलेल्या नात्याने आलेली पोकळी ते भरून काढतात, असे म्हणत दरमहा 50,000 रुपये अंतरिम पोटगी देण्याचा आदेश दिला. हा ताब्याचा निकाल नव्हे. पण कुत्रा ही नुसती वस्तू नाही, हे त्यातून न्यायालयाच्या भाषेत आले.

संमतीने होणाऱ्या घटस्फोटात वाट सोपी आहे. तडजोडीच्या अटींत मुलांच्या भेटीप्रमाणे जनावराचे राहणे, भेटीचे दिवस, दवाखान्याचा खर्च आणि पिल्लांची वाटणी लिहून घेता येते. गावाला ही कल्पना परकी नाही. शेळी एकाची, सांभाळ दुसऱ्याचा आणि करडे अर्धी अर्धी, असा वाट्याचा व्यवहार खेड्यांत चालत आलेला आहे.

परदेशांतले मराठी संसार आता वेगळ्या कायद्यांखाली मोडतात. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2019 पासून न्यायालय प्राण्याची देखभाल विचारात घेऊन त्याची एकल वा संयुक्त मालकी ठरवू शकते. स्पेनच्या 2021 च्या कायद्याने प्राण्याचे हितही तपासले जाते. ऑस्ट्रेलियात जून 2025 पासून देखभाल, लळा आणि घरातली हिंसा पाहिली जाते. जोडीदाराला धाकात ठेवण्यासाठी त्याच्या कुत्र्याला मारणारे असतात, हे त्या कायद्याने ओळखले.

सांभाळाला मोल देणारा असा धागा भारतातल्या कायद्यातही आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा अधिनियम ‘मालक’ या शब्दात प्रत्यक्ष ताबा असणाऱ्यालाही धरतो, आणि त्याचे कलम 3 सांभाळणाऱ्यावर प्राण्याच्या कल्याणाचे कर्तव्य टाकते. कौटुंबिक न्यायालयाने मालकी ठरवताना हा सांभाळ मोजावा, असे या नोंदीचे मत आहे.

याच अधिनियमाचे कलम 11 उलट्या वादात लागते. तो वाद म्हणजे दोघांनाही जनावर नको असणे. म्हातारा कुत्रा रस्त्यावर सोडला जातो, भाकड गाय मोकाट होते. सबळ कारणाशिवाय जनावर असे टाकून देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये.