दुभंगलेल्या ओठांचा शल्यविशारद

पेडगावसारख्या खेड्यांत दुभंगलेल्या ओठाचे मूल जन्मले की दोष ग्रहणाला दिला जाई. टाळूही फाटलेली असल्यास पाजलेले दूध नाकावाटे बाहेर येई. शस्त्रक्रियेस पैसा कोठला?

अमेरिकेत स्थायिक झालेले डॉ. शरदकुमार दीक्षित १९६८ पासून भारतात येऊन अशा मुलांवर विनामूल्य शस्त्रक्रिया करू लागले. १९७८ च्या मोटार-अपघातात अंशतः पक्षाघात झाला. पुढे स्वरयंत्राच्या कर्करोगाने आवाजही हिरावला. तरी चाकांच्या खुर्चीत बसून त्यांनी सेवा चालू ठेवली. ज्यांचा स्वतःचा आवाज गेला, त्यांनी इतरांची वाचा सावरावी! भारतीय जैन संघटनेने महाराष्ट्रात त्यांची शिबिरे भरविली. २००१ मध्ये पद्मश्री लाभली. २०११ मध्ये ते निवर्तले.

मात्र टाळू शिवल्यावर उच्चार सुधारण्यास महिनोन्‌महिने सराव लागतो; तो चार दिवसांच्या शिबिरात होत नाही.