अनुग्रह, परिहार आणि पीकनुकसानीचें साहाय्य

परतूर तालुक्यांतील आष्टी हें गांव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. १९८१ सालीं जालना जिल्हा निर्माण झाला, त्यापूर्वीं हा तालुका परभणी जिल्ह्यांत मोडत असे. राज्यें बदललीं, जिल्हे बदलले. पीक बुडालें असतां सरकारनें काय करावें, हा प्रश्न मात्र तोच राहिला. त्याचीं उत्तरें कसकशीं बदललीं, तें येथें थोडक्यांत पाहूं.

कौटिल्यानें या साहाय्याचे दोन प्रकार मानले आहेत. बियाणें, धान्य, गुरें द्यावीं तो अनुग्रह; करांत सूट द्यावी तो परिहार. दोहोंसही त्यानें 'अध्यक्षप्रचार' अधिकरणांत एक मर्यादा घातली आहे : ज्यांच्या योगें कोश वाढेल तेच द्यावे, कोश क्षीण करणारे टाळावे. अर्थात् साहाय्य ही केवळ दया नव्हे; ती पुढील महसुलाचीही तरतूद होती.

१६३०–३२ च्या दुष्काळानें दख्खन व गुजराथ उद्ध्वस्त झालीं, तेव्हां शहाजहान बऱ्हाणपुरास होता. अब्दुल हमीद लाहोरीच्या बादशहानाम्याप्रमाणें तेथें दर सोमवारीं ५,००० रुपये असें वीस आठवडे दान वाटलें आणि खालसा मुलखांत सुमारें ७० लक्ष रुपये, म्हणजे वसुलाचा अकरावा हिस्सा, सोडून दिला. दरबारी इतिहासकार सूट किती दिली तें सांगतो. कुळाच्या पदरांत किती पडली, तें सांगत नाहीं. शिवाय ज्याचें सर्वच पीक गेलें, त्यास अकराव्या हिश्श्याची सूट कितीशी पुरणार?

या दृष्टीनें शिवाजी महाराजांचें ५ सप्टेंबर १६७६ चें, प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास लिहिलेलें पत्र अधिक मोलाचें आहे. सुभेदारानें गांवोगांव हिंडावें. ज्यास बैल नाहींत, पोटास धान्य नाहीं, त्यास तें पुरवावें. फेड वाढीदिढीनें न घेतां केवळ मुद्दलाची व ऐपतीप्रमाणें घ्यावी, असा त्याचा आशय आहे. येथें अनुग्रह कुळाच्या दारापर्यंत जातो. परंतु तोही फेडावयाचा आहे. पुढें तगाई म्हणून रूढ झालेली पद्धति हीच होय. इंग्रजी मुलखांत तिला १८८३ व १८८४ च्या कायद्यांनीं बांधून दिलें.

आजचें साहाय्य परत करावयाचें नसतें, हा मोठाच फरक होय. तें महसुलाकरितां नसून आपत्तिग्रस्ताचा हक्क मानलें जातें. केंद्रानें ठरविलेल्या दराप्रमाणें ३३ टक्के वा अधिक नुकसान झाल्यास जिरायत पिकास हेक्टरीं ८,५०० रुपये, दोन हेक्टरांपर्यंत मिळूं लागले. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनें जालना जिल्ह्यासह मराठवाड्याचीं पिकें बुडालीं, तेव्हां राज्यानें ही मर्यादा तीन हेक्टर केली आणि रब्बीच्या बियाण्यादिकांसाठीं हेक्टरीं १०,००० रुपये आणखी जाहीर केले. कौटिल्याचा बीजरूप अनुग्रहच हा, परंतु परतफेडीवांचून.

तथापि एक गोष्ट पालटली नाहीं. सर्व कांहीं पाहणी करणाराच्या लेखणीवर अवलंबून आहे. नुकसान ३२ टक्के लिहिलें तर कांहींच नाहीं, ३३ लिहिलें तर पूर्ण रक्कम! सातबाऱ्यावर नांव नसलेला बटाईदार तर पंचनाम्याच्या बाहेरच राहतो. उलट, याच जिल्ह्यांतील अंबड व घनसावंगी तालुक्यांत अनुदानवाटपांतील गैरव्यवहार २०२५ सालीं उघडकीस येऊन महसूल कर्मचारी निलंबित झाले. रामाजी अनंतास गांवोगांव हिंडण्याची आज्ञा कां होती, तें यावरून कळतें. साहाय्याचें मोल रकमेइतकेंच तें देणाराच्या पायपिटीवर ठरतें.