नागरिकत्वाच्या उंबरठ्यावरील भाषा

अंबाल्याहून चंडीगडकडे जाणाऱ्या महामार्गावर, पंजाबच्या मोहाली जिल्ह्यात, डेराबस्सी नावाचे एक औद्योगिक गाव आहे. औषधांचे आणि रसायनांचे कारखाने ही त्याची एक ओळख. दुसरी ओळख पंजाबातील इतर कितीतरी लहान गावांसारखीच आहे, ती म्हणजे ‘आयलेट्स’ची शिकवणी आणि परदेशी व्हिसाची कामे करून देणारी दुकाने. १९८९ पासून घेतली जाणारी ही इंग्रजीची परीक्षा पंजाबातील अनेक कुटुंबांत आता बारावीच्या परीक्षेइतकीच परिचयाची झाली आहे. जमिनीचा तुकडा विकून मुलाला कॅनडाला धाडणाऱ्या बापाला त्या परीक्षेतील गुणपद्धती तोंडपाठ असते.

परदेशी जाण्याची ही ओढ मराठी घरांनाही आता नवी राहिलेली नाही. पुण्या-मुंबईतून, नाशिक-कोल्हापुरातून आणि या शाळेसारख्या मराठी शाळांतूनही शिकून मुले-मुली इंग्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात स्थायिक झाली आहेत. प्रवेशाची परीक्षा ही या वाटेवरची पहिली पायरी असते. शेवटची पायरी पुष्कळ वर्षांनी येते आणि ती म्हणजे त्या देशाचे नागरिकत्व. तिथेही इंग्रजी येते की नाही, हे सिद्ध करावे लागते. ही अट कोठून आली, तिने कोणाला आत घेतले आणि कोणाला बाहेर ठेवले, याचा इतिहास सव्वाशे वर्षांचा असून त्यात हिंदी माणसांची नावे ठळकपणे आढळतात.

पन्नास शब्दांची भिंत

या इतिहासाचा आरंभ नागरिकत्वापासून होत नाही. तो बंदरातील प्रवेशापासून होतो. १८९६ च्या नोव्हेंबरअखेर मुंबईहून ‘कुरलंड’ आणि ‘नादेरी’ या दोन आगबोटी दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीकडे निघाल्या. ‘कुरलंड’वर मोहनदास करमचंद गांधी आपल्या कुटुंबासह होते. मुंबईत प्लेगची साथ असल्याचे कारण पुढे करून दोन्ही बोटी डर्बानच्या बंदराबाहेर आठवडेच्या आठवडे अडकवून ठेवण्यात आल्या. १३ जानेवारी १८९७ रोजी उतारू किनाऱ्यावर उतरले आणि त्याच दिवशी गांधीजींवर गोऱ्या जमावाने हल्ला केला.

त्याच वर्षी नाताळ वसाहतीने परदेशस्थांच्या प्रवेशावर निर्बंध घालणारा कायदा केला. या कायद्यात हिंदी लोकांचे नावही नव्हते. नव्याने येणाऱ्या माणसाने ठरावीक नमुन्याचा अर्ज कोणत्याही एका युरोपीय भाषेच्या लिपीत लिहून दाखवावा, एवढीच त्यातील भाषेची अट होती. गुजराती किंवा मराठीत चोपडी लिहिणारा, पोथी वाचणारा, हिशेबात चोख असलेला माणूस या एका अटीने निरक्षरांत गणला गेला. वंशाचे नाव न घेता वंश वगळण्याची ही युक्ती लंडनमधील वसाहत मंत्री जोसेफ चेंबरलेन यांना पसंत पडली. १८९७ च्या वसाहतींच्या परिषदेत त्यांनी इतर वसाहतींपुढे नाताळचाच कित्ता ठेवला.

ऑस्ट्रेलियाने तो १९०१ मध्ये गिरवला. तेथील अधिकारी येणाऱ्या माणसाला युरोपीय भाषेतील पन्नास शब्दांचा उतारा सांगत असे आणि त्याने तो लिहून दाखवायचा असे. भाषा कोणती, हे अधिकाऱ्याने ठरवायचे. इंग्रजी येत असेल तर जर्मन, जर्मन येत असेल तर आणखी एखादी. १९०९ नंतर या परीक्षेत कोणीही उत्तीर्ण झाले नाही, यावरून तिचा हेतू कळतो. १९३४ मध्ये एगॉन किश हा फॅसिझमविरोधी झेक लेखक ऑस्ट्रेलियाला पोहोचला. अनेक युरोपीय भाषा जाणणाऱ्या या माणसाला अडवण्यासाठी अधिकाऱ्यांनी स्कॉटिश गेलिक भाषेतील उतारा काढला. प्रकरण न्यायालयात गेले आणि कायद्याच्या अर्थाने ती ‘युरोपीय भाषा’ ठरत नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने दिला. तरीही ही परीक्षा रद्द व्हायला १९५८ साल उजाडले.

इंग्रजी येऊनही

अमेरिकेने १९०६ च्या कायद्याने नागरिकत्वासाठी इंग्रजी बोलता येणे आवश्यक ठरवले. लिहिता-वाचता येण्याची अट पुढे १९५० च्या दशकाच्या आरंभी आली. हिंदी माणसांपुढे मात्र त्या काळी याहून मोठी अडचण होती. देशीयकरणाचा, म्हणजे परकीयाने कायद्याने नागरिक होण्याचा, हक्क ‘मुक्त गोरे’ आणि आफ्रिकी वंशाचे लोक यांच्यापुरता मर्यादित होता.

अमृतसर जिल्ह्यात जन्मलेले भगतसिंग थिंद १९१३ मध्ये अमेरिकेला गेले. त्यांनी बर्कलेच्या विद्यापीठात शिक्षण घेतले आणि १९१८ मध्ये ते अमेरिकेच्या सैन्यात दाखल झाले. त्यांच्या इंग्रजीबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नव्हते. डिसेंबर १९१८ मध्ये मिळालेले नागरिकत्व चार दिवसांत काढून घेण्यात आले. १९२० मध्ये ते ऑरेगॉनमध्ये पुन्हा मिळाले. मात्र १९ फेब्रुवारी १९२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की सामान्य माणसाच्या समजुतीतील ‘गोरा’ या शब्दात हिंदी माणूस बसत नाही.

या खटल्यात थिंद यांची बाजू मांडणाऱ्या वकिलांचे नाव वाचून मराठी वाचक थबकतो. ते नाव सखाराम गणेश पंडित. पंडित यांना १९१४ मध्येच कॅलिफोर्नियात नागरिकत्व मिळाले होते. थिंद निकालानंतर सरकारने अनेक हिंदी लोकांचे नागरिकत्व रद्द करण्याची मोहीम हाती घेतली आणि तिचा रोख पंडितांकडेही वळला. अशिलासाठी लढलेला वकील आता स्वतःसाठी उभा राहिला. मूळ निर्णय रीतसर झालेला असून त्याच्या भरवशावर आपले सारे आयुष्य उभे राहिले आहे, हा त्यांचा मुद्दा होता. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने तो मान्य केला. सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे म्हणणे ऐकून घेण्यास नकार दिल्यावर ही मोहीम थंडावली. थिंद यांना अखेर १९३६ मध्ये, माजी सैनिकांसाठी झालेल्या कायद्यामुळे नागरिकत्व मिळाले. सर्व हिंदी लोकांना तो मार्ग जुलै १९४६ मध्ये मोकळा झाला.

या प्रकरणाचा धडा कठोर आहे. दार बंदच ठेवायचे असेल, तर परकी भाषा कितीही उत्तम येत असली तरी ती किल्ली ठरत नाही.

भिंतीचा उंबरठा होताना

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटू लागले. १ जानेवारी १९४७ पासून अमलात आलेल्या कॅनडाच्या नागरिकत्व कायद्यात इंग्रजी किंवा फ्रेंचचे पुरेसे ज्ञान मागितले होते, पण ते नसल्यास वीस वर्षांचे सलग वास्तव्यही पुरेसे मानले होते. ज्याने वीस वर्षे एखाद्या देशात घाम गाळला, त्याच्याकडून व्याकरणाचा दाखला मागू नये, एवढी समज त्या तरतुदीत दिसते. ब्रिटनमध्ये १९४८ च्या कायद्याने राष्ट्रकुलातील नागरिकांना एक वर्षाच्या वास्तव्यानंतर नोंदणी करून नागरिक होता येत असे आणि भाषेचा प्रश्नच विचारला जात नसे. १९८१ च्या कायद्याने, तो १९८३ पासून अमलात आला, देशीयकरणासाठी इंग्रजी, वेल्श किंवा स्कॉटिश गेलिक यांपैकी एका भाषेचे पुरेसे ज्ञान आवश्यक झाले. ज्या भाषेचा उपयोग किशला अडवण्यासाठी झाला होता, तीच येथे नागरिकत्व देणारी भाषा म्हणून मान्य झाली. भाषा तीच, हेतू वेगळा.

‘पुरेसे ज्ञान’ मोजण्याची रीत मात्र पुढे काटेकोर होत गेली. नोव्हेंबर २००५ पासून ब्रिटनमध्ये तेथील जीवनाविषयीची लेखी चाचणी सुरू झाली. आज तीत ४५ मिनिटांत २४ प्रश्न असतात आणि १८ उत्तरे बरोबर यावी लागतात. ऑक्टोबर २०१३ पासून त्याखेरीज बोलण्याची व ऐकून समजण्याची ‘बी-१’ पातळी, म्हणजे दैनंदिन व्यवहार स्वतःच्या बळावर निभावण्याइतकी भाषा, वेगळी सिद्ध करावी लागते. तिची एक मान्यताप्राप्त चाचणी अवघ्या दहा मिनिटांची असते. परीक्षक उमेदवाराशी त्याने निवडलेल्या विषयावर आणि नेहमीच्या जीवनातील गोष्टींवर बोलतो. कायमस्वरूपी वास्तव्यासाठी ही पातळी आणखी वर नेण्याचा प्रस्ताव ब्रिटिश सरकारने मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत मांडला आहे.

भारताची गणना ब्रिटिश नियमांतील इंग्रजीभाषक देशांच्या यादीत होत नाही. त्यामुळे इंग्रजी शाळेत शिकलेल्या भारतीयालाही पुरावा द्यावा लागतो, मराठी शाळेत शिकलेल्यालाही. इंग्रजी माध्यमातून घेतलेली पदवी पुरावा म्हणून चालते, मात्र भारतातील पदवीची तशी अधिकृत खातरजमा करून घ्यावी लागते. कॅनडातही इंग्रजी माध्यमातील शिक्षणाचे प्रमाणपत्र ग्राह्य धरतात. याचा अर्थ असा, की दहावीपर्यंत मराठीत शिकून पुढे इंग्रजीतून पदवी घेतलेला विद्यार्थी या बाबतीत कोठेही मागे राहत नाही. माध्यमाच्या निवडीविषयी पालकांच्या मनात जी धास्ती असते, तिला नागरिकत्वाच्या नियमांत आधार सापडत नाही.

खरी कसोटी लागते ती घरातील वडीलधाऱ्यांची आणि ज्यांना पदवीपर्यंत पोहोचता आले नाही त्यांची. मुलगा-सून नागरिक झाले, नातवंडे तेथेच जन्मली आणि आजी मात्र परकी राहिली, अशी घरे या नियमांमुळे निर्माण होतात. म्हणून सवलतींचा भाग महत्त्वाचा ठरतो. ब्रिटनमध्ये पासष्टीनंतर ही अट लागू होत नाही. कॅनडात २०१७ पासून ती १८ ते ५४ या वयोगटापुरती आहे. अमेरिकेत अर्जदाराला तीनपैकी एक वाक्य वाचून आणि तीनपैकी एक लिहून दाखवावे लागते. मात्र वयाची पन्नाशी आणि कायम रहिवासी म्हणून वीस वर्षे, किंवा पंचावन्न आणि पंधरा वर्षे पूर्ण झालेल्यांना इंग्रजीची माफी असून, राज्यव्यवस्थेविषयीचे प्रश्न त्यांना दुभाष्याच्या साहाय्याने मातृभाषेत विचारले जातात. अमेरिकेच्या राज्यघटनेविषयीचे उत्तर तेथील अधिकाऱ्यासमोर मराठीत देण्याची सोय त्या देशाच्या कायद्यातच आहे.

भारताची अट

इतर देशांच्या अटींची चर्चा करताना स्वतःच्या देशाची अट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. भारताचा नागरिकत्व कायदा १९५५ चा. देशीयकरणाद्वारे भारतीय होऊ इच्छिणाऱ्या परकीयाला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील एका भाषेचे पुरेसे ज्ञान असावे, असे त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत म्हटले आहे. आठव्या अनुसूचीत आरंभी १४ भाषा होत्या, आज २२ आहेत. मराठी त्यांत पहिल्यापासून आहे, डेराबस्सीची पंजाबीही आहे. इंग्रजी नाही. जगभर इंग्रजीचा दाखला मागितला जात असताना भारतीय नागरिकत्वासाठी केवळ इंग्रजी पुरेशी ठरत नाही आणि केवळ मराठी मात्र पुरेशी ठरते, ही गोष्ट मराठी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी अवश्य लक्षात ठेवावी.

अशी माणसे महाराष्ट्राने पाहिलीही आहेत. अमेरिकेत जन्मलेल्या डॉ. मॅक्सीन बर्नसन भाषाशास्त्राच्या अभ्यासासाठी फलटणला आल्या. तेथील लोकांची बोली हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. पुढे त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले, परभाषकांना मराठी शिकवणारी पाठ्यपुस्तके सिद्ध केली आणि फलटणमध्ये मराठी माध्यमाची शाळा उभारली. अमेरिकेतूनच आलेल्या डॉ. गेल ऑम्वेट १९८३ मध्ये भारतीय नागरिक झाल्या आणि सांगली जिल्ह्यातील कासेगावी राहून त्यांनी महाराष्ट्रातील सामाजिक चळवळींचा अभ्यास व त्यांत प्रत्यक्ष सहभाग, दोन्ही आयुष्यभर केले. कायद्याला अपेक्षित असलेल्या ‘पुरेशा ज्ञाना’च्या कितीतरी पुढे या दोघींची मराठी गेली होती. लोकांत मिसळण्याच्या इच्छेने त्या मराठी शिकल्या होत्या आणि भाषेच्या अटीमागचा न्याय्य हेतूही एवढाच असू शकतो.

शाळेकडे पाहताना

महाराष्ट्रातील मराठी शाळांत इंग्रजीचा प्रारंभ दीर्घकाळ पाचवीपासून होत असे. २००० सालापासून ती पहिलीपासून शिकवली जाऊ लागली. त्या शिकवण्याचा भर बहुधा वाचन, लेखन, भाषांतर आणि व्याकरणावर राहिला. त्या पायावर हजारो विद्यार्थ्यांनी पुढील शिक्षण पेलले. तथापि नागरिकत्वाची परीक्षा मुख्यतः ऐकण्या-बोलण्याची असते आणि नेमकी तीच बाजू वर्गात दुबळी राहिली, हे हीरकमहोत्सवाच्या आनंदातही मान्य करावे लागेल. पन्नास गुणांचा निबंध लिहिणारा मुलगा परक्यासमोर दोन वाक्ये बोलताना अडखळतो, यात दोष त्याच्या मातृभाषेचा नसून सरावाच्या अभावाचा आहे. तो वर्गातच भरून काढता येतो.

नाताळ आणि ऑस्ट्रेलियाच्या कायद्यांनी मराठी, गुजराती, पंजाबी जाणणाऱ्याला निरक्षर ठरवले होते. त्या अपमानाला दोन प्रकारे उत्तर देता येते. एक उत्तर आपली भाषा टाकून देण्याचे. दुसरे सखाराम गणेश पंडितांनी दिले. ज्या भाषेतून त्यांचे हक्क नाकारले जात होते, तीच भाषा आत्मसात करून त्यांनी न्यायालयात आपला हक्क शाबूत राखला. परक्या देशात इंग्रजी बोलून नागरिक झालेल्या आणि घरी मुलांना मराठी वाचायला शिकवणाऱ्या माजी विद्यार्थ्यांची वाट याच दुसऱ्या उत्तराची आहे. डेराबस्सीच्या शिकवणीत बसलेल्या मुलालाही तीच वाट खुली आहे.