नौकेतील चुलीचा प्रवास

इंग्रजी अमदानीत बांधलेल्या सरकारी बंगल्यांत ज्यांचे वास्तव्य झाले आहे, त्यांना त्या बंगल्यांची एक विशेष रचना आठवत असेल. मुख्य इमारत प्रशस्त, हवेशीर. पण स्वयंपाकघर मात्र अंगणापलीकडे, नोकरांच्या खोल्यांना लागून. पावसाळ्यात एका हातात छत्री व दुसऱ्या हातात झाकलेले ताट सावरीत आचारी ते अंगण ओलांडी. नोकरीनिमित्त अशा बंगल्यांतून राहताना माझ्या मनात एक प्रश्न येत असे. जागा मुबलक होती म्हणून हे अंतर राखले गेले. जागाच नसती, तर ते टिकले असते काय?

या प्रश्नाचे उत्तर मला अनपेक्षित ठिकाणी सापडले. ते म्हणजे इंग्लंडमधील सफरी शिडाच्या लहान नौकांचा इतिहास.

एकोणिसाव्या शतकात तेथील सुखवस्तू गृहस्थांना स्वतःच्या नौकेतून समुद्रपर्यटन करण्याचा छंद जडला. पस्तीस-चाळीस फूट लांबीच्या या नौकांवर मालकाबरोबर एक-दोन पगारी खलाशी असत. नौकेच्या मध्यापासून पिछाडीपर्यंतचा भाग मालकाचा. तेथे दोन्ही बाजूंना गाद्या घातलेली बाके, मध्ये मेज आणि भिंतीशी पुस्तकांची फळी. त्यापुढे डोलकाठीजवळ एक लाकडी आडभिंत. तिच्या पलीकडे, नौकेच्या निमुळत्या नाळेत, लोखंडी चूल, नांगराची साखळी, ओली शिडे आणि खलाशाची खाट असे. लोखंडी नळ्यांवर कॅनव्हास ताणलेली ही खाट दिवसा उचलून भिंतीशी लावीत. खलाशाला वर जाण्यासाठी छताला निराळे झडपेचे दारही असे. म्हणजे मालकाच्या दालनातून जाण्याचा प्रसंगच येऊ नये. चाळीस फुटांच्या घरातही अंगण निर्माण करण्यात आले होते!

या रचनेतील कठोरपणा ध्यानी येण्यास समुद्राचा स्वभाव जाणून घेतला पाहिजे. फळी मध्यावर टेकवून तिच्या टोकांवर मुले बसली की टोके खालीवर होतात, मध्य मात्र जवळजवळ स्थिर राहतो. लाटांवर नौकेचे तसेच होते. सर्वांत अधिक हेलकावे नाळेला बसतात, आणि उकळत्या पाण्याचे भांडे ठेवण्याची जागा नेमकी तीच! तेथे उभे राहणेही कठीण. पण ज्याला उभे राहावे लागे, तो नौकेचा आराखडा आखीत नव्हता.

या व्यवस्थेला तडे गेले ते हळूहळू. लंडनमधील शेअर दलाल आर. टी. मॅकमलन यांनी 1877 साली आपले दोन पगारी खलाशी कामचुकार ठरवून शेर्बूर बंदरात काढून टाकले आणि सुमारे वीस टनांची ‘ओरायन’ ही नौका एकट्याने इंग्लंडला परत आणली. ही हकिगत आपल्यापर्यंत पोचली ती मालकाच्या लेखणीतून, हे विसरता कामा नये. परंतु खलाशावाचूनही चालते, एवढे त्यातून सिद्ध झाले.

तरीही रूढी कारणापेक्षा दीर्घायुषी असते. अमेरिकेत जोशुआ स्लोकम यांनी ‘स्प्रे’ ही जुनी, 36 फूट 9 इंच लांबीची नौका स्वतःच्या हातांनी पुन्हा बांधली आणि 1895 ते 1898 या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. स्लोकम हे आयुष्यभर व्यापारी जहाजांवर राहिलेले कप्तान. त्यांनी स्वयंपाकाची सहा फुटी खोली पुढे ठेवली, राहण्याची दहा बाय बारा फुटांची खोली मागे, आणि दोहोंच्या मध्ये पाणी व खारवलेल्या मांसाचे कोठार. मालक तेच, खलाशी तेच आणि आचारीही तेच. पण घराची रचना मात्र अनेक माणसे गृहीत धरणारी!

पुढे दोन गोष्टी घडल्या. 1892 च्या सुमारास स्वीडनमध्ये प्रायमस स्टोव्ह निघाला. आपल्या मध्यमवर्गीय स्वयंपाकघरात ज्याचा फरफर आवाज दोन-तीन पिढ्यांनी ऐकला, तोच हा. त्याला धुराडे लागत नसल्यामुळे चुलीला एका जागी खिळून राहण्याचे कारण उरले नाही. दुसरी गोष्ट म्हणजे महायुद्धे. त्यानंतर पगारी खलाशी ठेवणे फारच थोड्यांना परवडू लागले. आता नाळेतील हेलकाव्यांत उभे राहण्याची पाळी मालकावर आली, आणि चूल मागे सरकली.

एरिक व सुझन हिस्कॉक हे दांपत्य 1952 मध्ये ज्या ‘वाँडरर तिसरी’ या तीस फुटी नौकेतून जगप्रवासास निघाले, तिच्यात चूल पायऱ्यांपाशी होती. तेथे हेलकावे कमी, हवा मोकळी, आणि सुकाणूवर बसलेल्या माणसाच्या हाती गरम पेला सहज देता येई. ही रचना आता लहान नौकांची सर्वसाधारण रीत झाली आहे. स्टोव्ह आसावर असा टांगतात, की नौका कलली तरी भांडे समतोल राहावे.

हा चुलीचा प्रवास मोजला तर पंधरा-वीस फुटांचा. त्याला अर्धशतकाहून अधिक काळ लागला. विशेष म्हणजे चूल तेथे ठेवणे गैरसोयीचे आहे, हे प्रत्येक खलाशाला प्रारंभापासून ठाऊक होते. नवे ज्ञान कोणाला झाले नाही. केवळ त्रास सोसणारा माणूस बदलला.

गोव्यात बांधलेल्या ‘तारिणी’ या 55 फुटी नौकेतून भारतीय नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी 10 सप्टेंबर 2017 ते 21 मे 2018 या काळात पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. त्या नौकेत पगारी आचारी नव्हता. शीड, सुकाणू आणि चूल सारे त्या सहाजणींचेच. अशा घरात आडभिंत कोणासाठी घालायची?

जमिनीवरील आपल्या घरांत व कचेऱ्यांत मात्र जागा अजून पुष्कळ आहे. नवा नकाशा मंजुरीसाठी समोर आला म्हणजे मी हल्ली प्रथम एवढेच पाहतो, की यात हेलकाव्याची जागा कोणाच्या वाट्याला आली आहे, आणि त्याला कोणी विचारले होते काय.